सहा हजारांच्या वर

कोब्लेन्ट्सच्या शोरूममध्ये थेलेन मला म्हणतो,
थांबा, बाई. दोन वर्षं. फार तर अडीच.
हायब्रिड येतंय. ऐंशी हॉर्सपॉवर जास्त,
आणि गल्लीतून निघताना आवाजच नाही,
शेजाऱ्यांची झोपमोड नाही.
वजन? हो, वाढेल थोडं. एका माणसाइतकं.
कुठल्या माणसाइतकं, मी विचारते.
तो हसतो. त्याला वाटतं, मी गंमत करतेय.

चौतीस वर्षं मी मायेनमध्ये
लोकांच्या कानांत यंत्रं बसवली.
कान कसा रिकामा होतो, मला पाठ आहे:
वरच्या मजल्यापासून.
आधी रातकिडे जातात, मग स आणि फ,
मग नातवंडं, कारण ती भरभर बोलतात.
ढोल शेवटपर्यंत राहतो.

गेल्या वसंतात माझ्या भावानं, गिझबर्टनं,
देवदाराकडे बोट केलं. ऐक, म्हणाला.
चिमणीहून लहान पक्षी, डोक्यावर पिवळी रेघ.
चोच उघडलेली दिसली.
हो, सुरेख, मी म्हटलं.
सोमवारी माझ्याच जुन्या दुकानात गेले,
हेडफोन लावले, बटणही मीच दाबलं.
सहा हजारांच्या वर रेघ
घाट उतरावा तशी उतरली.

या गाडीची सगळी मजा सहा हजारांच्या वर,
असं जो तो सांगतो.
ते इंजिनाचे फेरे, हे माझे हर्ट्झ.
आकडा तेवढा सारखा, बाकी संबंध नाही.
मला कळतं ते.
तरी पाकिटाच्या पाठीवर दोन्ही शेजारी शेजारी लिहिले
आणि बराच वेळ बघत बसले.
गिझबर्ट म्हणतो, साठी उलटली
आणि हिच्या गुडघ्याला बाशिंग.

भिंतीपलीकडे ओटीलिए राहते, एक्क्याण्णव वर्षांची.
तिला मी एकदा म्हटलं होतं, थांबा.
वर्षभरात नवीन मॉडेल येतंय, छोटं,
कानात दिसणारसुद्धा नाही.
ती थांबली. काटकसरी बाई.
त्या नोव्हेंबरात तिचा नवरा गेला.
मार्चमध्ये मॉडेल आलं. खरंच छान होतं.
दिसतच नव्हतं.
तिनं आरशात पाहिलं, बिल भरलं,
आठवड्यानं मला आलुबुखारचा केक आणून दिला.
इतक्या वर्षांत एक शब्द नाही.
मीही विषय काढला नाही.

काल आत्ताचीच गाडी चालवून पाहिली, निव्वळ पेट्रोलची.
शेजारी शिकाऊ पोरगा, यानिक, हनुवटीवर चार केस.
काचा खाली. पाटीच्या दगडाच्या खाणींवरून वर.
तिसऱ्या गिअरमध्ये काहीतरी
सीटमधून पाठीत आलं, पाठीतून बरगड्यांत.
त्यात कानाचा वाटा किती, सांगता येणार नाही,
आणि सांगणं हाच तर माझा धंदा होता.

माथ्यावर इंजिन बंद केलं.
धातू निवताना टिकटिकतोय, यानिक म्हणाला, ऐकताय ना?
हो, अगदी ओठांवर आलं होतं.
नाही, म्हटलं. कसं वाजतंय ते दाखव.
त्यानं जरा विचार केला,
मग माझ्या मनगटावर बोटानं ठोकून दाखवलं:
एक. एक. मग लगेच दोन.
मग किती तरी वेळ काही नाही.
मग एक.

फॉर्म स्वयंपाकघराच्या टेबलावर आहे.
रंगाचा रकाना भरलाय, गडद हिरवा.
थेलेनचा फोन आला होता: घाई नाही, नीट विचार करा,
कंपनीनं बॅटरीचे आकडे अजून जाहीर केलेले नाहीत.
तो खोटं बोलत नाही. मीही नव्हते बोलत.

संध्याकाळी भिंतीवरून ओटीलिएला विचारलं,
सकाळी सहाला गाडी काढली तर त्रास होईल का?
आवाज करते ती.
रात्री काढून ठेवते मी यंत्र, ती म्हणाली,
आठाशिवाय घालत नाही.
हातातली कात्री पुसली, खिशात ठेवली.
रविवारी, म्हणाली,
रविवारी घालून बसेन.